हलत नाही आणि वळत नाही

शालन देवकाते हिच्यावर अन्याय झाला तो याच वर्षी, म्हणजे १९९६च्या फेब्रुवारीत, दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता. वेळ नक्की सांगतो, कारण तपासणीच्या खोलीतलं घड्याळ माझ्या समोरच होतं आणि मान खाली घालण्याआधी मी शेवटचं तेच बघितलं होतं. शालन बारामतीजवळच्या जळोचीची. तिशीच्या आतली. फळांच्या एका पॅकिंग शेडमध्ये कामाला. त्या दिवशी कागदावर तिचा उजवा हात 'पूर्ण चांगला' ठरला आणि ती स्वतः ठरली खोटारडी. हा अन्याय दोघांनी केला. एक तपासणारे डॉक्टर. दुसरा मी.

डॉक्टरांचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा म्हणतो, एक माणूस वाईट निघाला, आणि पान उलटतो. माझं नाव मात्र लेखावर छापलेलं आहे.

संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, 'तुमच्या कामातले गमतीदार अनुभव लिहा, दिवाळीत जड नको.' मी चार वर्षं कामगार संघटनेचा पूर्णवेळ कार्यकर्ता आहे. बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके माझ्याकडे. म्हणजे एक खोली, एक डुगडुगतं टेबल, पत्रकं काढायचं सायक्लोस्टाइलचं यंत्र आणि एसटी. कामावर कुणाचा हात, पाय, बोट गेलं की तो माणूस माझ्याकडे येतो. मी भरपाईचा किंवा हलक्या कामाचा अर्ज लिहितो, त्याला डॉक्टरी तपासणीला नेतो, मालकाच्या माणसाशी भांडतो. यात गमती आहेत. पण सांगायला लागलो की मी टेबलापासून उठून खोलीत फेऱ्या मारायला लागतो. हा लेखही तसाच लिहितोय. दोन वाक्यं झाली की उठायचं.

मला लिहायला शिकवलं पत्रकांनी. पत्रकात 'थोडं' हा शब्द नसतो. तिथं दुखत नाही, असह्य वेदना होतात. मालक नाही म्हणत नाही, तो मुजोरी करतो. बोट कापलं तर आम्ही हात लिहायचो, हात कापला तर आयुष्य. चौकात मोठ्यानं वाचायला हे बरं असतं. तपासणीच्या टेबलावर हेच वाक्य माणसाचा गळा धरतं. हे कळायला मला शालनचा हात जावा लागला.

त्याआधी एकदा इशारा मिळाला होता, तो मी हसण्यावारी नेला. इंदापूरकडचा बबन पैलवान. तालीम सोडून गोदामात पोती उचलायला लागला होता आणि त्याचा खांदा वारंवार निखळायचा. मी अर्जात ठोकून दिलं, 'खांदा कायमचा निखळलेला आहे.' तपासणीच्या जागी कारकुनानं विचारलं, "कुठं निखळलाय? दिसतोय तर जागेवर."

बबन म्हणाला, "दावू का?"

आणि त्यानं हात वर नेऊन असा काही मागं फिरवला की टक् असा आवाज झाला आणि खांद्याच्या जागी खड्डा पडला. कारकुनाच्या हातातला चहा फायलीवर.

"बसव! बसव आधी तो!" कारकून किंचाळला.

बबननं तो बसवला. कारकुनानं चहा पुसला आणि लिहिलं, 'खांदा जागेवर आहे.'

बाहेर येऊन आम्ही पोट धरून हसलो. खांद्याचा सांधा उखळीचा. हाताच्या हाडाचं गोल टोक एका खळग्यात बसतं, म्हणून हात चारी दिशांना फिरतो. मांडीचा सांधाही उखळीचाच, पण तिथली उखळ खोल. खांद्याची उखळ कसली, बशीच ती. फिरायला मोकळी, म्हणून निसटायलाही मोकळी. बबनचा खांदा दिवसाचे तेवीस तास जागेवरच असायचा, पोतं उचलताना नसायचा. मी लिहायला हवं होतं, 'ओझं डोक्यावर नेताना खांदा निखळतो.' मी लिहिलं 'कायमचा'. त्याचा अर्ज गेला. बबन हसत हसत सोलापूरला कुठंतरी रखवालदारीला गेला आणि मी काही न शिकता दुसरं पत्रक काढलं.

मग शालन आली. आदल्या वर्षी शेडमध्ये, फळं पुढं सरकवणाऱ्या पट्ट्यात तिचा उजवा हात मनगटाच्या वर सापडला होता. कोपर ते मनगट या भागातली दोन्ही हाडं मोडली. प्लास्टर झालं, निघालं. एक्स-रेच्या पाकिटावर कुणीतरी लिहिलं, 'हाडे जुळली.' ती कामावर परत गेली, तर क्रेट हातात राहीना. मुकादम म्हणाला, कामचुकारपणा करतेस. ती म्हणाली, मला निवडणीच्या टेबलावर बसवा, फळं निवडीन, पण क्रेट उचलणं जमत नाही. मुकादम म्हणाला, डॉक्टरचा कागद आण. म्हणून ती माझ्या टेबलासमोर.

"काय होतंय हाताला?"

"भाऊ, हात वळत न्हाय."

"कुठनं?"

तिनं कोपराखाली हात फिरवून दाखवला. "हितनं."

मी लिहिलं, 'उजवे कोपर हलत नाही.'

एवढंच. ती म्हणाली वळत न्हाय, मी लिहिलं हलत नाही. मला वाटलं, बाई गावाकडचं बोलतेय, आपण ते नीट मराठीत घालू. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी हजार प्रतींचं पत्रक काढलं. मथळा होता, 'शालनचे कोपर दगड झाले! जबाबदार कोण?' बारामतीच्या स्टँडवर मी स्वतः वाटलं. एक प्रत शेडच्या फाटकावर चिकटवली आणि मागं सरून वाचली. फार आवडली मला.

आता तो मंगळवार. खोलीत डॉक्टर, त्यांचा मदतनीस, शेडचा मुकादम, शालन आणि मी. दार उघडं, बाहेर रांग, रांगेतली डोकी आत.

"कोणतं कोपर?"

"उजवं," मी म्हणालो.

"तुम्हाला नाही विचारलं. बाई, दुमडा हात."

शालननं हात दुमडला. पूर्ण.

"सरळ करा."

सरळ झाला. पूर्ण.

डॉक्टरांनी माझा अर्ज डोळ्यांजवळ नेला. "कोपर हलत नाही. असं लिहिलंय इथं. मग हे काय हललं? पंखा?"

रांग हसली. मुकादमानं खिशातून माझं पत्रक काढलं, घडी उलगडली आणि मोठ्यानं वाचलं, "कोपर दगड झाले!" रांग आणखी हसली.

"सायेब, पर त्यो उताना होत न्हाय," शालन म्हणाली. "पालथाच ऱ्हातोय."

"बाई, अर्जात कोपर आहे. अर्जात असेल तेच तपासणार. कोपराची हालचाल पूर्ण." त्यांनी तसं लिहिलं, कामास योग्य म्हणून सही केली आणि पुढच्याला हाक मारली.

मी मान खाली घातली. चौकात तासभर बोलणारा माणूस मी. तिथं माझ्याकडे एक शब्द नव्हता, कारण डॉक्टर चुकीचं काही बोललेच नव्हते. कोपर हललं होतं.

आम्ही स्टँडवर आलो. एसटीला वेळ होता. मी म्हटलं, "ताई, आपण याच्यावर आवाज उठवू."

"कशावर?" ती म्हणाली. "मी वळत न्हाय म्हनलं का न्हाय तुमाला?"

"म्हणालात."

"तुमी काय लिवलं?"

मी एसटीच्या पाटीकडे बघायला लागलो.

"तुमी लिवलं आन् खोटारडी मी झाले. उद्या शेडात बाया इचारतील, दगूड कसा गं वितळला? तुमाला कोन इचारनार?"

ती जळोचीला गेली. मी संघटनेच्या खोलीवर जाऊन पत्रकांचा उरलेला गठ्ठा टेबलाखाली सारला, मग काढला, मग पुन्हा सारला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून जळोची गाठली. माफी मागायला गेलो, असं सांगायला बरं वाटेल. खरं म्हणजे मला बसवत नव्हतं, म्हणून गेलो.

शालनचे सासरे, म्हणजे आबा, मेथीच्या वाफ्याच्या कडेला बसून जुड्या बांधत होते. त्यांच्या घरात एके काळी मोठा कळप होता. आता जमिनीला पाणी आलं, भाजीपाला आला आणि कळपातल्या चार मेंढ्या तेवढ्या गोठ्याशी उरल्या. मी याआधी दोनदा त्यांच्या घरी जाऊन आलो होतो आणि आबांशी 'कसं काय' यापलीकडे बोललो नव्हतो.

"या, पुढारी," आबा म्हणाले. "आज काय दगूड केला?"

मी खाली बसलो.

"बस, पर हात दे हिकडं. उजवा. आता कोपार बरगडीला लाव. चिकटव. बरगडी सोडायची न्हाय. हां. तळवा वर कर."

मी तळवा वर केला, तीर्थ घ्यायला करतात तसा.

"आता खाली कर. आता वर. कोपार हाललं का?"

नव्हतं हललं. तळवा फिरला होता, पण कोपर दुमडलं नव्हतं की सरळ झालं नव्हतं.

"डाव्या हातानं धर तुजाच हात, मनगटाच्या वर. आता फिरव. काय लागतंय?"

वाचकहो, तुम्हीही धरून बघा. करंगळीच्या बाजूचं हाड जागेवर राहतं आणि अंगठ्याच्या बाजूचं हाड त्याच्यावरून लोळतं. तळवा वर असताना दोन्ही हाडं गाडीच्या रुळांसारखी शेजारी शेजारी. तळवा पालथा केला की एक दुसऱ्यावर आडवं. पंचवीस वर्षं हा हात माझ्या खांद्याला होता आणि मला हे माहीत नव्हतं.

आबा उठले आणि एक मेंढी मानेला धरून घेऊन आले. तिला गुडघ्यांत दाबून धरली आणि तिचा पुढचा पाय माझ्या हातात दिला. "हिचा फिरव."

मी फिरवायला गेलो. मेंढीनं माझ्याकडे बघितलं. पाय पुढंमागं दुमडत होता, पण वळत नव्हता.

"हिच्यात बी दोन हाडं. पर एकमेकाला चिकटल्याली. देवानंच तशी केल्यात. हिला कुठं भाकरी थापायची हाय?" त्यांनी मेंढी सोडली आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "शालन, ये गं हिकडं!"

शालन आली. माझ्याकडे न बघता तिनं कोपर बरगडीला लावलं. तळवा पालथा. ती जोर करत होती, ते दंडात दिसत होतं. तळवा पालथाच. मग तिनं अख्खं अंग उजवीकडे कलतं केलं, खांदा खाली सोडला, तेव्हा तळवा जेमतेम अर्धा वळला.

"मेंढीचा पाय झालाय हा," आबा म्हणाले. "मी प्लास्टर निघालं त्या दिवशी हात लावला आन् समजलो. दोन हाडं मोडली, ती आपापली जुळायची सोडून एकमेकाला जुळली."

"आबा, मग हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तू इचारलं का?" आबा म्हणाले. "तू आलास, चा प्यालास, अन्याय म्हनलास आन् गेलास."

शालन पहिल्यांदा हसली. मग तिनं ते दाखवलं, जे मी अर्ज लिहायच्या आधी बघायला हवं होतं. तिनं हातात भाकरीचा तुकडा घेतला आणि कोपर दुमडलं. छान दुमडलं. तोंडापाशी आला तो पालथा पंजा, तुकडा खाली, ओठाला लागली ती हाताची मागची बाजू. "म्हनून डाव्या हातानं जेवते," ती म्हणाली. "पंगतीत बाया कोपरखळ्या मारत्यात. देवळात तीर्थ घ्यायला गेले तर पुजारी म्हनला, उजवा हात म्होरं कर बाई. केला. पानी पालथ्या पंजावर पडलं आन् खाली गेलं."

क्रेट का पडायचा, ते आता मला कळलं. खालून धरायला तळवे वर लागतात. तिचा एक वर, एक खाली.

घरातून एक्स-रेचं पाकीट मागवलं. उन्हासमोर धरलं. दोन हाडांच्या मधोमध पांढरा जोड दिसला, दोघांना चिकटवणारा. पाकिटावर तेच शब्द, 'हाडे जुळली.' शब्द खोटा नव्हता. कुणाची कुणाशी जुळली, हे कुणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर मी शाळेच्या पुस्तकापासून जे मिळेल ते वाचलं. गुडघा आणि बोटांची पेरं बिजागरीसारखी, दाराची असते तशी, एकाच रेषेत उघडझाप. कोपरात मात्र दोन सांधे एकाच जागी राहतात. एक बिजागरी, हात दुमडायला. दुसरा खुंटीचा, तळवा वळवायला. तिथं हाडाचं गोल डोकं एका कड्यात फिरतं. मानेतही खुंटीचाच सांधा, म्हणून आपण 'नाही' म्हणून मान हलवू शकतो. मनगटात बारीक हाडं, पिशवीतल्या गोट्यांसारखी एकमेकांवर सरकणारी. अंगठ्याच्या मुळाशी घोड्यावर खोगीर बसावं तसा सांधा, त्याच्याच जोरावर अंगठा चारी बोटांना शिवतो. आणि कवटीची हाडं तर अशी शिवलेली की हलायचं नावच नाही. तसली कवटी घेऊन मी चार वर्षं अर्ज लिहीत होतो.

आता माझ्या टेबलाशी माणूस आला की मी 'काय होतंय' विचारत नाही. विचारतो, काय करता येत नाही? डोक्यावरून पदर घेता येतो? कुलपात किल्ली फिरते? उकिडवं बसून उठता येतं? सुई धरता येते? तो करून दाखवतो आणि मी बघतो ते लिहितो. जे शब्द तो बोलतो तेच लिहितो, सुधारत नाही. सुप्याचा एक म्हातारा म्हणाला, गुडघा रुसतो. मी लिहिलं, 'रुसतो', आणि पुढं लिहिलं, 'म्हणजे पायरी उतरताना मध्येच अडकतो, हातानं धक्का दिला की सुटतो.' त्याचं काम झालं. याचा मला अभिमान आहे, लपवत नाही.

शालनचं झालं नाही.

मी तिचा नवा अर्ज लिहिला. 'उजवा तळहात उताणा होत नाही. कोपर बरगडीला टेकवून तपासावे, नाहीतर खांदा मदत करतो व दोष झाकला जातो.' एक्स-रे जोडला. उत्तर आलं, एकदा प्रमाणपत्र झालं आहे, फेरतपासणीसाठी दुसऱ्या अस्थितज्ज्ञाचं लेखी मत आणा.

लेखी मत. मार्चपासून मी आणि शालन तेच मागत फिरतोय. पहिले डॉक्टर बारामतीचे, भले माणूस. एक्स-रे खिडकीशी धरला आणि म्हणाले, "अरे, हा तर पूलच झालाय! हात वळणार कसा?"

मी म्हटलं, "एवढंच लिहून द्या."

एक्स-रे पाकिटात गेला. "लिहून म्हणजे... पहिलं मत कुणाचं आहे?"

दुसरे इंदापूरचे. त्यांनी कोपर बरगडीला लावून अगदी नीट तपासलं. शालनला विचारलं, जेवता कसं? ती म्हणाली, डाव्यानं. ते हळहळले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचं बरोबर आहे हो. पण ते मला सीनियर. रोज फोनवर बोलणं होतं आमचं."

तिसऱ्यांनी तपासायच्या आधीच विचारलं, "कोर्टात वगैरे यावं लागेल का?"

तिन्ही ठिकाणी फी घेतली नाही, हेही सांगतो. तिन्ही ठिकाणी चहा दिला. शालननं डाव्या हातानं कप धरला आणि तिन्ही डॉक्टरांनी ते बघितलं. एकानंही कागद काढला नाही. परतीच्या एसटीत ती म्हणाली, "भाऊ, समद्यांना दिसतंय. मग म्या दावायचं तरी कुणाला?"

मी सारखा सीटवरून उठत होतो, कंडक्टर म्हणाला, बसा की राव.

शेडचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. मुकादमानं निरोप पाठवलाय की कागद असेल तर निवडणीच्या टेबलावर जागा आहे. कागद नसेल तर हात पूर्ण चांगला आहे, क्रेट उचल, नाहीतर नाव कमी करतो. म्हणजे तिच्याकडे थोडेच दिवस आहेत. आबा म्हणतात, घरी मेथीच्या जुड्या बांधंल, काय बिघडलं? शालनला ते नको आहे. तिला परत त्याच बायकांत जाऊन बसायचं आहे, ज्या तिला खोटारडी म्हणतात. ती म्हणते, काम गेलं तर ते नाव तसंच राहील.

तर आता तुम्ही, हा अंक हातात धरलेले. हळहळू नका, हळहळ तीन दवाखान्यांत भरपूर मिळाली. संघटनेला शुभेच्छा पाठवू नका. तुम्ही हाडांचे डॉक्टर असाल तर संपादकांकडे चिठ्ठी टाका, आम्ही दोघं एक्स-रे घेऊन तुमच्या दारात येतो, नाहीतर तुम्ही जळोचीला या. तुम्ही डॉक्टर नसाल तर तुमच्या घरात, गल्लीत, नात्यात एक आहे. हा लेख त्याच्यासमोर ठेवा आणि विचारा, तुम्ही लिहून द्याल का? 'बघू' म्हणाले तर तिथून हलू नका, पुन्हा विचारा. तुमचं मत आमच्या बाजूचंच हवं, असं नाही. शालनचा हात तपासा, डोळ्याला दिसेल ते दोन ओळींत लिहा आणि खाली स्वतःच्या नावानं सही करा.